घरच्या सीएनसी कोरीव मशीनच्या या चुका टाळा: शिरोरेषा बिघडली तर आधी पाना, मग सेटिंग

गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. त्यामुळे वडोदऱ्यात गुजराती पाट्या कोरताना संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे जे दोष खपून जातात, ते पहिली मराठी पाटी कोरली की उघडे पडतात. अडीचशे मिमीची एकच सरळ रेघ डावीकडे दोन मिमी जाड आणि उजवीकडे दीड मिमी आली, तर ती दाराशी आलेल्या पाहुण्यालाही दिसते. ३०१८ (साधारण ३०० बाय १८० मिमी जागेत कोरणाऱ्या) किंवा त्याच्या जवळपासच्या छोट्या मशीनची तब्येत तपासायला शिरोरेषेइतकं स्वस्त गेज दुसरं नाही.

रेघ बिघडली की बहुतेकजण थेट कंट्रोलरच्या (मोटरना हुकूम देणाऱ्या बोर्डाच्या) सेटिंगमध्ये शिरतात. दोष मात्र बहुतेक वेळा बिट सरकवणाऱ्या लांब स्क्रूमध्ये, कोलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) नाहीतर लाकडाखालच्या पाटात असतो.

रेघ एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक

व्ही-बिटने, म्हणजे टोकाला निमुळत्या होणाऱ्या पात्याने, कोरलेल्या रेघेची रुंदी खोलीवर ठरते. ६० अंशांच्या बिटला दोन मिमी रुंद रेघेसाठी साधारण १.७३ मिमी खोल जावं लागतं. फळीची एक बाजू ०.३ मिमी खाली असेल, तर तिथली रेघ ०.३५ मिमीने बारीक होते. ९० अंशांच्या बिटला हाच फरक ०.६ मिमीचा पडतो. म्हणून बारीक अक्षरांना ६० किंवा त्याहून कमी अंशांचा बिट बरा. फळीचा खोटेपणा तो थोडा झाकतो.

खरा इलाज म्हणजे खालचा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या बोर्डाचा) पाट मशीनवरच सपाट करून घेणं. पाटावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा, ०.२ मिमी खोलीने अख्खा पाट फिरवा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत पुन्हा फिरवा. ७७५ मोटरच्या स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या भागाला) यासाठी २२ मिमीचा बिट लावू नका, मोटर गुदमरते. ६ मिमीचा सपाट बिट लावा. वेळ जातो, पण काम होतं. नंतर कोरायची फळीही रंध्याने किंवा मशीनवर वरून सपाट करा. पाट सरळ आणि फळी वाकडी, तर काही उपयोग नाही.

सपाट केलेल्या पाटावर कौलांसारख्या पायऱ्या दिसल्या तर स्पिंडल कललेला आहे. बिट पुढे-मागे फिरवत डावीकडून उजवीकडे सरकवला असेल, तर या पायऱ्या डाव्या-उजव्या कलण्याच्या. प्लग काढून ठेवा, कोलेटमध्ये काटकोनात वाकवलेली जाड तार पकडा आणि तिचं टोक काचेच्या तुकड्यावरून हाताने गोल फिरवा. चारही बाजूंना टोक काचेला सारखंच टेकलं पाहिजे. नाही टेकलं तर स्पिंडलच्या ब्रॅकेटमागे स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची घडी घाला. ओबडधोबड वाटतं, पण शिम म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, दुसरं काय!

माप चुकतंय म्हणून स्टेप्स बदलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. २० मिमीचा चौकोन कापला, कॅलिपरवर १९.८५ आला, लगेच सेटिंगमधल्या स्टेप्स प्रति मिमी ८०० च्या ८०६ केल्या. असं करू नका. आधी हिशेब बघा: मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर (मोटर चालवणारी चिप) प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, आणि स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकवतो. २०० गुणिले १६ भागिले ४, म्हणजे ८०० स्टेप्स प्रति मिमी. एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा स्क्रू असेल तर ४००. हा आकडा स्क्रूच्या आट्यांमधून येतो. तो एकदम पाऊण टक्क्याने चुकत नाही.

मग १५ शतांश गेले कुठे? एक चौकोन २० मिमीचा आणि एक १६० मिमीचा कापून बघा. दोन्हीत फरक तितकाच आला, तर बिटचा खरा व्यास सॉफ्टवेअरमध्ये टाकलेल्या ३.१७५ मिमीपेक्षा वेगळा आहे, किंवा बिट थरथरतोय. १६० मिमीच्या चौकोनात चूक आठपट झाली, तरच कंट्रोलर चालवणाऱ्या जीआरबीएल या सॉफ्टवेअरमधल्या डॉलर-१००, १०१ आणि १०२ या (एक्स, वाय आणि झेडच्या स्टेप्सच्या) ओळींना हात लावा. नवीन आकडा म्हणजे जुना आकडा गुणिले सांगितलेलं अंतर भागिले प्रत्यक्ष सरकलेलं अंतर. ते अंतरही कापलेल्या तुकड्यावर मोजू नका. बिट न लावता, पट्टीवर किंवा डायल गेजवर मोजा.

कापलेला आकारच दोष सांगतो. ४० मिमीचं वर्तुळ घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी चपटं आलं, तर बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना स्क्रू आणि नटमधली मोकळीक: नटची स्प्रिंग ढिली किंवा नट झिजलेला. अर्ध्या कामानंतर अक्षरं एकदम बाजूला सरकली आणि पुढचं सगळं तितकंच सरकलेलं आलं, तर मोटरची पावलं चुकली: वेग जास्त, खोली जास्त, किंवा स्क्रूत भुसा अडकलेला. सरकणं थोडं थोडं वाढत गेलं, तर मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू बघा. शाफ्टला चपटी बाजू असेल तर तो तिच्यावरच बसला पाहिजे.

कोलेटचा घोळ

खोली हळूहळू वाढतेय असं दिसलं, तर झेडच्या (वर-खाली सरकवणाऱ्या) मोटरआधी कोलेटवर संशय घ्या. भुसा वर ओढणारा बिट स्वतःला खाली खेचत असतो. पकड ढिली असेल तर तो कामातच सरकतो. कोलेट आधी नटमध्ये ‘कट्’ आवाज होईपर्यंत बसवा, मग नट स्पिंडलवर चढवा. उलट क्रमाने केलं तर बिट डगमगत फिरतो. बिटच्या दांड्याचा गुळगुळीत भागच पकडीत हवा, खाचांचा नको. आणि कोलेटच्या फटींतला भुसा जुन्या टूथब्रशने काढा. ०.५ मिमी टोकाचे बिट बसवल्या बसवल्या मोडत असतील तर कारण बहुधा हेच.

काळं पडणं आणि बिट मोडणं

सागवान जळून काळं पडलं की लोक वेग आणखी कमी करतात आणि जळणं वाढवून घेतात. बिटने लाकूड कापलं पाहिजे, घासायचं नाही. हिशेब सोपा: फेरे गुणिले पाती गुणिले दर पात्याचा घास. १०,००० फेरे, दोन पाती आणि ०.०३ मिमी घास धरला तर ६०० मिमी प्रति मिनिट. छोट्या मशीनवर सागवानात खोली ०.८ मिमीच्या आसपास ठेवा आणि मोटर दमत असेल तर खोली कमी करा, वेग नाही. भुशाकडे बघा: रव्यासारखा पडला पाहिजे. मैद्यासारखा पडतोय म्हणजे बिट बोथट आहे किंवा नुसता घासतोय. सागवानात सिलिका असते, त्याने धार लवकर जाते; इथे कार्बाइडचेच बिट वापरा. घासून तापलेल्या भुशाची ठिणगी व्हॅक्युमच्या पिशवीत धुमसू शकते, म्हणून काम संपल्यावर पिशवी बघूनच उठा. एन-९५ मास्क हवाच, एमडीएफ कापताना तर नक्कीच.

पावसाळा, हिवाळा आणि लाईट

गणपतीच्या मखराच्या ऑर्डर नेमक्या त्या दिवसांत येतात जेव्हा लाकूड सगळ्यात ओलं असतं. मॉइश्चर मीटरवर १२ टक्क्यांपेक्षा जास्त आलं, तर बारीक नक्षीचे तंतू तुटत नाहीत, फाटतात; आणि वाळल्यावर फळी वाकते. एकाच बाजूने खोल कोरलेली फळी तर हमखास वाकते, त्यामुळे पॉलिश दोन्ही बाजूंना मारा. पाटाचा एमडीएफही फुगतो. पाऊस संपल्यावर तो पुन्हा सपाट करावा लागेल, हे धरूनच चाला.

कोरड्या हिवाळ्यात त्रास वेगळा. व्हॅक्युमच्या प्लॅस्टिक पाइपमध्ये स्थिर वीज साठते आणि मशीन मध्येच ‘अलार्म १’ दाखवून थांबते, म्हणजे हद्द संपल्याचं सांगणारा लिमिट स्विच दबलेला नसताना दबल्याचा भास. पाइपभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडा. स्पिंडल सुरू होताच असं घडत असेल, तर स्विचच्या तारा स्पिंडलच्या तारेपासून लांब न्या, शील्ड असलेली केबल घ्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. यूएसबी केबल दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि लॅपटॉपचा स्लीप मोड बंद.

यूपीएसची चूक फार थोड्यांच्या लक्षात येते. लॅपटॉप आणि कंट्रोलर यूपीएसवर, स्पिंडल थेट भिंतीच्या सॉकेटवर. लाईट गेली की स्पिंडल थांबतो, पण मशीन थांबलेला बिट लाकडातून ओढत राहते. ताड, मोडला. तिन्ही यूपीएसवर ठेवा, नाहीतर स्पिंडलही नाही आणि कंट्रोलरही नाही. लाईट परत आल्यावर काम तिथूनच पकडायचं असेल, तर शून्य (मापाचा सुरुवातीचा बिंदू) जी५४ या कमांडच्या जागेत साठवा. जी९२ चं शून्य वीज जाताच पुसलं जातं. अर्थात मशीनला तिची मूळ जागा शोधून देणारे होमिंग स्विच बसवलेले असतील तरच याचा उपयोग.

बिट बदलताना शून्य हलणं हीसुद्धा अशीच चूक. जीआरबीएल मूळ सेटिंगवर असेल तर थांबल्यावर मोटरची पकड सुटते आणि पाना लावताना स्पिंडल सरकतो. डॉलर-१ चा आकडा २५५ करा. मोटर गरम लागेल, पण जागा सोडणार नाही. नव्या बिटला झेडचं शून्य पुन्हा घ्या, एक्स आणि वायला हात लावू नका.

तेल-पाणी

दर आठ-दहा तासांच्या कामानंतर स्क्रूवरचा भुसा ब्रशने झाडा आणि गोल रॉडवर शिलाई मशीनच्या तेलाचा फडका फिरवा. रेलवर चालणारे ब्लॉक असतील तर त्यांना लिथियम ग्रीस. प्लॅस्टिकच्या चाकांवर चालणाऱ्या मशीनला तेल अजिबात नको. तिथे एक्सेन्ट्रिक नट (चाकाची पकड कमी-जास्त करणारा) इतकाच आवळा की चाक बोटाने थोड्या जोरावर फिरेल. गंज सोडवणारा स्प्रे वंगण म्हणून मारू नका. आतलं ग्रीस धुऊन जातं. आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जागच्या जागी जळू शकतो.