जेलीफिश शिकवायचा तर केळीच्या कंदापासून सुरुवात करा

आमची शाळा यावल तालुक्यात, केळीच्या बागांच्या मधोमध. वर्गातल्या बहुतेक पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. तरी सातवीला मी दर वर्षी जेलीफिश शिकवते. समुद्र तापतोय, आणि तापलेल्या पाण्यात कोण कसं तग धरतं हा प्रश्न ४५ अंशांत वाढणाऱ्या आमच्या पोरांना लगेच आपला वाटतो. पूर्वी मी बादलीत प्लास्टिकची पिशवी हलवून दाखवायचे. पोरांच्या लक्षात पिशवी राहायची, बाकी सगळं विसरायची. मग पद्धत बदलली.

घड उतरलेल्या केळीचा एक कंद मुळांसकट खणून आणायला सांगा. माती झटकून टेबलावर ठेवा. भोवती फुटलेली पिलं पोरं न सांगता मोजायला लागतात. मग विचारा, घड उतरला, खोड आडवं केलं, म्हणजे केळ मेली का?

"नाही मॅडम, पील बाग धरतात ना!"

पील बाग म्हणजे त्याच कंदाच्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक. हे उत्तर आलं की पुढचं सोपं. जेलीफिशच्या चित्रात दिसते ती छत्री म्हणजे घड समजा. कंद वेगळाच असतो. खडकाला, शिंपल्याला नाहीतर बंदराच्या खांबाला चिकटलेला, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा पॉलिप. तो आपल्याच अंगातून नवे पॉलिप काढतो, थेट पिलांसारखे. काही जातींचे पॉलिप वाईट दिवसांसाठी पायाखाली टणक कवचाची एक गोळी करून ठेवतात. दिवस पालटले की तिच्यातून नवा पॉलिप निघतो. आणि पाण्याचं तापमान बदललं की पॉलिपच्या अंगाला आडव्या खाचा पडतात. बशा एकावर एक रचाव्यात तसा तो दिसतो. फळ्यावर हे मोठं काढा. वरून एकेक बशी सुटते, पोहायला लागते आणि वाढून छत्री होते. चंद्र जेलीफिश नावाच्या जातीच्या पॉलिपला त्यासाठी आधी थंडी खावी लागते. हरभऱ्याला थंडी मानवते हे पोरांना घरूनच ठाऊक असतं, त्यांना बोलू द्या. यात अख्खा तास गेला तरी जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी पातेल्यात पाणी तापायला ठेवा. उकळीच्या बऱ्याच आधी तळाशी बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापेल तसा त्यात ऑक्सिजन कमी मावतो. अशा पाण्यात मासा कल्ले उघडमीट करत तडफडतो. जेलीफिशला कल्ले नाहीत, हृदय नाही. ऑक्सिजन पातळ कातडीतून थेट आत झिरपतो, काहींच्या अंगातल्या जेलीत थोडा साठूनही राहतो. शरीर सुमारे ९५ टक्के पाण्याचं, त्यामुळे पोसायला फारसं काही नाही. इथे प्रत्येकाच्या तळहातावर भिजवलेला सब्जा द्या. बोटाने दाबल्यावर ती जेली म्हणजे काय ते कळतं. खायला मिळालं नाही तर चंद्र जेलीफिश चक्क आकसतो, मिळू लागलं की परत वाढतो.

खारेपणासाठी एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, समुद्राचं पाणी साधारण तितकंच खारट असतं. अर्धा ग्लास भरा आणि चमच्याच्या पाठीवरून शाईचं गोडं पाणी अगदी हळू सोडा. निळा थर वरच राहतो. नदीचं पाणी समुद्रात पुष्कळदा असंच वर पसरतं. नकाशावर आपली तापी सुरतेजवळ कुठे मिळते ते इथेच दाखवा. जेलीफिशच्या अंगातला खारेपणा बाहेरच्या पाण्याप्रमाणेच बदलतो, म्हणून एकदम गोडं पाणी आलं तर त्याला झेपत नाही. अनेक जाती सरळ खाली, खाऱ्या थरात उतरतात.

जेलीफिशला काहीच होत नाही, असं मात्र शिकवू नका. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, पाणी फारच तापलं तर?" तिला प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवरच्या तळ्याची गोष्ट सांगितली. १९९८ च्या सुमारास, एल निनोच्या काळात, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं तेव्हा, तिथलं पाणी तापलं आणि लाखो सोनेरी जेलीफिश नाहीसे झाले. पण तळाशी पॉलिप तगले होते. पुढे त्यांच्यातूनच तळं पुन्हा भरलं.

"म्हणजे कंद राहिला होता," ती म्हणाली.

तास झाला की टेबलावरचा कंद फेकू नका. पिलं सुटी करून शाळेच्या नळाजवळ लावा. आमची दोन पिलं आता खिडकीच्या वर गेली आहेत.