राखीव वसाहतीतील जीवनमान जुन्या कागदपत्रांतून कसे अभ्यासावे

एकोणिसाव्या शतकात आदिवासींच्या राखीव वसाहतीत लोक काय खात आणि कशावर जगत, हे शोधताना सरकारी अहवाल टाळता येत नाहीत. मात्र प्रत्येक अहवाल वाचण्यापूर्वी, ती वसाहत टिकावी असे लिहिणाऱ्याला वाटत होते की ती मोडावी, हे तपासून घ्यावे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतराज्यातल्या कोरान्डर्क या राखीव वसाहतीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल.

आधी जमीन पाहावी. सायमन वोंगा आणि विल्यम बराक यांच्या नेतृत्वाखाली कुलिन या आदिवासी समूहाचे लोक १८६३ मध्ये हील्सव्हिलजवळ यारा नदीच्या परिसरात स्थायिक झाले. तेथील २,३०० एकर क्षेत्र १८६६ मध्ये ४,८५० एकर झाले. केवळ क्षेत्रफळ टिपून थांबू नये. मालकी कोणाची, हेही पाहावे. जमीन राखीव होती, पण रहिवाशांच्या मालकीची नव्हती, म्हणूनच १८९३ मध्ये तिचा जवळपास निम्मा भाग काढून घेता आला.

त्यानंतर पिकाचा पैसा कोठे गेला, याचा माग काढावा. माझ्या मते सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा. १८७० च्या दशकात तेथे हॉपची लागवड झाली. बिअरला कडवटपणा देणारी ही वेल तेथे इतकी उत्तम आली, की १८८१ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तिच्या पिकाला पारितोषिक मिळाले. तरीही मळ्याचे उत्पन्न आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संरक्षक मंडळाच्या ताब्यात राहिले. त्याच वर्षी कोरान्डर्कबाबत झालेल्या सरकारी चौकशीतील रहिवाशांच्या जबान्या या हिशेबाशेजारी ठेवून वाचल्या, तर मांसाचा तुटवडा, अपुरी मजुरी आणि मोडकळीस आलेली घरे यांच्या तक्रारींचा अर्थ उलगडतो. स्त्रियांनी विणलेल्या टोपल्यांच्या विक्रीची नोंद सापडल्यास तीही सोडू नये, कारण शिध्याबाहेरच्या खर्चाला अशाच विक्रीचा आधार असे.

कायदे शेवटी, परंतु बारकाईने वाचावेत. १८६९ च्या कायद्याने आदिवासींचे राहण्याचे ठिकाण, कामाचे करार, कमाई आणि मुलांचा सांभाळ यांवर नियंत्रण आणले. १८८६ च्या कायद्याने चौतीस वर्षांखालील मिश्र वंशाच्या धडधाकट लोकांना वसाहतीबाहेर जावे लागले. त्यामुळे त्यानंतरच्या अहवालांत शेती खालावल्याचे दिसले, तर रहिवाशांना आळशी ठरविण्यापूर्वी मळ्यात राबणारे किती हात मागे उरले होते, हे मोजावे.