चकाकत्या काचेच्या पोटातला ओरखडा

दुर्बिणीचा आरसा घरी घासणाऱ्यांनी चकाकीवर फार भाळू नये. कार्बोरंडम या घासायच्या कठीण पुडीचा प्रत्येक दाणा काचेत खड्डा पाडतो आणि त्या खड्ड्याखाली केसासारखे बारीक तडेही सोडतो. पुढची बारीक पूड खड्डा घालवते, तडे मात्र राहू शकतात. त्यावर सिरियम ऑक्साइडचं पॉलिश चढलं की ते डोळ्यांना दिसत नाहीत.

तपासायला लाइट गेलेली रात्र उत्तम, ती आपल्याकडे मागावी लागत नाही! आरसा आधी नीट धुवा. लातूर, बीडकडच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग अगदी खड्ड्यांसारखे दिसतात, म्हणून शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा. मग अंधारात एलईडी टॉर्च काचेच्या कडेला टेकवून प्रकाश आडवा आत सोडा आणि घड्याळजीच्या भिंगातून पाहा. दोष असेल तिथे ठिपका किंवा रेघ चमकते. पुसूनही जागा सोडत नसेल तर ती धूळ नव्हे. मध्यापेक्षा कडेची पट्टी जास्त बारकाईने पाहा, पॉलिश तिथेच बहुधा मागे राहतं.

प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक आम्लाने वरचा थर खाऊन तडे उघडे करतात. घरी हे अजिबात नको. ते आम्ल कातडीतून आत शिरून जीव घेऊ शकतं.

ठिपके विखुरलेले दिसले तर पॉलिश रेटत बसू नका, सरळ आधीच्या पुडीवर परत जा. पॉलिशने काच फारच हळू झिजते.