उत्क्रांती समजावून सांगताना या चुका टाळा

जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे, असे विधान केले. माकडाचा माणूस होताना कोणीही पाहिलेले नाही, हा त्यांचा मुख्य आधार होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचे खंडन केले. पुढे 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हाही वैज्ञानिक आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध नोंदवला. ही निवेदने आवश्यकच होती. परंतु ‘कोणी पाहिले आहे का?’ हा प्रश्न घरातील काका, शेजारी आणि वर्गातील चौकस मुलेही प्रामाणिकपणे विचारतात, आणि त्यांचे समाधान निवेदनाने होत नाही. उत्क्रांती न पटणाऱ्या माणसाला आपण फार लवकर हटवादी ठरवतो. वास्तविक तो जे नाकारत असतो ते बहुतेक वेळा उत्क्रांतीचे विकृत चित्र असते, आणि ते चित्र त्याच्या हाती आपणच, म्हणजे शिक्षकांनी, पालकांनी आणि विज्ञानावर लिहिणाऱ्यांनी दिलेले असते.

सर्वांत जुनी चूक म्हणजे ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य. वाकलेला वानर हळूहळू ताठ होत शेवटी माणूस बनतो, अशी प्राण्यांची रांग दाखवणारे चित्र शेजारी लावले की चूक पक्की होते. मग ‘तसे असेल तर आजची माकडे अजून माकडेच कशी राहिली?’ हा प्रश्न येतो, आणि त्या चित्राच्या हिशेबाने तो अगदी रास्त असतो. सांगायचे ते असे: आजचा चिंपांझी आपला पूर्वज नाही. त्याचा आणि आपला एक समान पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होऊन गेला आणि त्यापासून निघालेल्या शाखा आपापल्या वाटेने बदलत आल्या. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वहीत एकाच मूळ पुरुषापासून निघालेली दोन घराणी नोंदलेली असावीत, एक गावातच राहिलेले आणि एक देशांतराला गेलेले, तसे हे नाते आहे; गेलेल्या घराण्यामुळे राहिलेले घराणे संपत नाही.

‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाला येथेच एक नेमके उत्तर देता येते. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या 24 जोड्या असतात, माणसात 23. पूर्वज समान असेल तर एक जोडी गेली कुठे, असे विचारावेच लागते. माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र तपासले असता ते दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जोडून तयार झाल्याचे आढळले. एरवी गुणसूत्राच्या टोकाशी असणारा विशिष्ट क्रम त्याच्या मध्यभागी सापडतो, आणि कार्यरत गुणसूत्रबिंदूखेरीज (पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढले जाते ती जागा) दुसऱ्या, निकामी झालेल्या गुणसूत्रबिंदूचे अवशेषही त्यात आहेत. ही घटना कोणी पाहिली नसली तरी तिची खूण आपल्यापैकी प्रत्येकाच्या शरीरात आहे. विद्यार्थ्याला आधी 24 आणि 23 हे आकडे द्यावेत आणि हरवलेली जोडी शोधायला लावावी. शोध त्याने स्वतः घेतला की पटणे सोपे जाते.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि माझ्या मते सर्वाधिक गोंधळ तीच घालते. बदल प्राण्याच्या गरजेतून किंवा सवयीतून होतो, अशी भाषा आपण नकळत वापरतो. विदर्भ-मराठवाड्यातील कापूसपट्ट्यात ‘बोंडअळीला बीटीची सवय झाली’ असे सर्रास म्हटले जाते. बीटी कपाशीला, म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्याने अळीला मारक विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, भारतात 2002 मध्ये मान्यता मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुके असलेले वाण आले. दशकभरात गुलाबी बोंडअळी दोन्हींना पुरून उरली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात तिने हाहाकार माजवला. पाकळ्या आतून धाग्यांनी जखडल्यामुळे न उमललेली डोमकळी, आणि वरून धड दिसणारे पण फोडल्यावर खाल्लेली सरकी व डागाळलेली रुई दाखवणारे बोंड, हे दृश्य त्या वर्षी शेतोशेती होते.

आता येथे सवय कोणाला झाली? कोणत्याही एका अळीला झाली नाही. बीटीचे विष ज्या अळीला बाधते ती त्याच बोंडात मरते. तिला सवय करून घ्यायला अवधीच मिळत नाही. मात्र असंख्य अळ्यांमध्ये काही मोजक्या अशा असतात की, जनुकांतील एखाद्या योगायोगाच्या फरकामुळे ते विष त्यांच्यावर नीट चालत नाही. बीटी येण्यापूर्वी या फरकाला किंमत नव्हती. शेतोशेती बीटी लागल्यावर मात्र तगल्या त्या याच, त्यांचेच पतंग झाले, त्यांचेच आपसात मीलन झाले आणि पुढच्या पिढीत त्यांचेच प्रमाण वाढले. अळी बदलली नाही, अळ्यांच्या लोकसंख्येची घडण बदलली. आपले मन प्रत्येक जातीला एका ठरावीक साच्यात पाहते: अळी म्हणजे अळी, सगळ्या सारख्या. उत्क्रांती कळायची असेल तर त्या सारखेपणाच्या आतील फरक दिसू लागले पाहिजेत, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

हा मुद्दा नीट कळला की शेतीतील शिफारशींचाही अर्थ लागतो. बीटी बियाण्याबरोबर नॉन-बीटी बियाण्याची जी वेगळी पुडी दिली जाई, ती अनेकांनी निरुपयोगी समजून बांधावर टाकली. त्या बियाण्याच्या, बीटी पिकालगत लावायच्या आश्रय ओळींचा हेतू असा की तेथे विषाला बळी पडणारे कीटक जगावेत आणि त्यांचे प्रतिकारक्षम पतंगांशी मीलन व्हावे. प्रतिकाराचा गुण बहुधा दोन्ही पालकांकडून आला तरच अळीला पुरता तारतो, त्यामुळे अशा संकरातील संतती बीटीवर मरते. अमेरिकेतील ॲरिझोनात हे पथ्य सांभाळले गेले, पुढे वंध्य पतंग सोडण्याची जोड मिळाली, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी शेतात राखून जादा पीक, घेऊ नका असे कृषी विभाग सांगतो, त्यामागेही अळीच्या पिढ्यांची साखळी तोडण्याचा विचार आहे. ग्रामीण शाळेत उत्क्रांती शिकवताना डार्विनच्या संदर्भात नेहमी सांगितल्या जाणाऱ्या गॅलापागोस बेटांवरील पक्ष्यांआधी बोंडअळी घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन. कारण तिथे ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्नच उरत नाही. वर्गातील अनेक मुलांच्या घरांनी ते पाहिले आणि सोसले आहे.

नैसर्गिक निवडीला ‘बळी तो कान पिळी’ म्हणणे हीसुद्धा घातक चूक आहे. संवेदनशील माणूस ते ऐकतो आणि अशी क्रूर शिकवण आपल्याला नको म्हणून सिद्धांतच नाकारतो. निवड बळाची होत नाही; त्या त्या परिस्थितीत कोणाची संतती अधिक टिकते, एवढाच तिचा हिशेब असतो. गडचिरोली, नंदुरबार भागात आढळणारा सिकलसेल पाहा. त्याचे जनुक एकाच पालकाकडून आले तर मलेरियाच्या घातक प्रकारापासून संरक्षण मिळते आणि दोघांकडून आले तर गंभीर आजार होतो. जेथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तेथे हे जनुक टिकले, आणि त्याची किंमत आजही काही कुटुंबे मोजत आहेत. यात कोणी श्रेष्ठ नाही आणि यातून वागण्याचा कोणताही नियम निघत नाही.

‘डोळ्यासारखी गुंतागुंतीची गोष्ट योगायोगाने बनेलच कशी?’ या शंकेला ‘कोट्यवधी वर्षांत काहीही होऊ शकते’ असे उत्तर देऊ नये. ते उत्तर चुकीचे आहे आणि त्यातली चूक ऐकणाऱ्यालाही जाणवते. योगायोग मुख्यतः फरक निर्माण होण्यात असतो. डोळ्यासारख्या उपयोगी अवयवात कोणता फरक टिकेल हे मात्र प्रामुख्याने निवड ठरवते. शिवाय अर्धवट डोळाही उपयोगाचा असतो, हे मृदुकाय प्राण्यांतच टप्प्याटप्प्याने दिसते. खडकाला चिकटून राहणाऱ्या लिम्पेटचा डोळा म्हणजे प्रकाशाची दिशा कळण्यापुरता पेशींचा खोलगट खळगा असतो, नॉटिलसचा डोळा भिंगाविना केवळ बारीक छिद्राचा असतो, आणि कोकणातील मासळी बाजारात मिळणाऱ्या माकुळाच्या डोळ्यात पूर्ण भिंग असते. माकूळ साफ करताना ती टणक, काचेसारखी गोळी हाताला लागते. मुलांना ती अवश्य दाखवावी. स्वीडनमधील निल्सन आणि पेल्गर यांनी 1994 मध्ये सपाट प्रकाशसंवेदी पट्ट्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंतचा प्रवास सावधपणे मोजला, तेव्हा तो चार लाखांहून कमी पिढ्यांत पुरा होऊ शकतो असे निघाले. ज्यांची पिढी वर्षभराची असते अशा लहान सागरी प्राण्यांसाठी हा अवधी भूशास्त्राच्या मानाने अल्प आहे.

आपल्याकडची खास चूक मात्र सद्भावनेतून होते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम सांगून ‘दशावतार म्हणजेच उत्क्रांती’ असे म्हटले की श्रोते माना डोलावतात आणि सांगणाऱ्याला काम फत्ते झाल्यासारखे वाटते. पण श्रोत्यांनी जे स्वीकारले ती उत्क्रांती नसते, ती शिडी असते: खालची पायरी, वरची पायरी आणि अखेर माणूस. चौऱ्याऐंशी लक्ष योनींनंतर मनुष्यजन्म, या परिचित कल्पनेशी ती सहज जुळते म्हणूनच ती इतकी पटते. प्रत्यक्षात कासव वराहाचा पूर्वज नाही आणि वराह माणसाचा नाही. कासवाकडे जाणारी आणि सस्तन प्राण्यांकडे येणारी शाखा 30 कोटी वर्षांहूनही आधी वेगळी झाली. शिडी एकदा मनात बसली की आजचा मासा म्हणजे प्रगती न झालेला जीव वाटू लागतो, आणि ‘माकडे का उरली?’ हा प्रश्न मागच्या दाराने परत येतो. अवतारकथा भक्तीच्या आहेत, त्यांचा अर्थ त्यांच्या जागी थोर आहे. त्यांना जीवशास्त्राची साक्ष द्यायला उभे केले तर दोन्हींची हानी होते.

वैज्ञानिक मत बदलतात, म्हणजे त्यांनाच नक्की माहीत नाही, असाही आक्षेप येतो. तेव्हा बदल लपवू नये, उलट नेमका काय बदलला ते दाखवावे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे डायनोसॉरच्या काळातील अश्मीभूत विष्ठा सापडते. 2005 मध्ये तिच्यात गवतांच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण ओळखले गेले, आणि गवते डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरची असावीत हा समज मागे पडला. गवतांच्या इतिहासाची तारीख मागे सरकली. सर्व गवतांचा वंश एक आहे आणि ती इतर सपुष्प वनस्पतींची आप्त आहेत, या निष्कर्षाला त्यामुळे धक्का लागला नाही.

शेवटची चूक म्हणजे ‘देव किंवा डार्विन, एक निवडा’ असा पेच टाकणे. डार्विनचा अमेरिकेतील खंदा समर्थक, हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा श्रद्धावान ख्रिस्ती होता. विसाव्या शतकात जनुकशास्त्र आणि उत्क्रांती यांची सांगड घालणाऱ्यांत अग्रणी असलेले थिओडोसियस डोबझान्स्की हेही आस्तिकच होते. ज्याच्या घरात रोज हरिपाठ होतो त्याला असा पेच घातला तर तो घराची बाजू घेईल, आणि त्यात त्याचा दोष नाही. वर्गात कोणी देवाविषयी विचारले तर या धड्यात तो प्रश्न सुटत नाही आणि सोडवण्याची गरजही नाही, असे शांतपणे सांगावे. राज्य मंडळाच्या 2018 च्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. तो घाईने उरकण्याऐवजी मुलांच्या शंका आधी लिहून घ्याव्यात आणि वर सांगितलेल्यांपैकी कोणते चुकीचे चित्र कोणाच्या मनात आहे, हे पाहून मगच शिकवायला सुरुवात करावी.