गेम सिमँटिक्स शिकायचंय? आधी कागदावर एक डाव मांडा

गेम सिमँटिक्स म्हणजे प्रोग्रामचा अर्थ दोन खेळाडूंच्या डावासारखा मांडायची पद्धत. तिचा शोधनिबंध (पेपर) उघडला की अरीना, पॉइंटर, कॅटेगरी सगळं एकदम अंगावर येतं आणि बरेच जण तिथेच सोडून देतात, म्हणून माझं ऐका, व्याख्या नंतर, आधी हाताने डाव लिहा.

खेळाडू दोन. प्लेयर म्हणजे तुमचा प्रोग्राम आणि ऑपोनंट म्हणजे तो जिथे चालणार ते बाकी सगळं. चाल म्हणजे प्रश्न नाहीतर उत्तर, आणि सुरुवात कायम ऑपोनंटची, कारण कोणी विचारल्याशिवाय प्रोग्राम बोलत नाही.

आता कागदावर मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे इनपुट, उजवीकडे आउटपुट. फंक्शन घ्या क्ष + क्ष, आणि क्ष लागेल तेव्हाच विचारायचा. ऑपोनंट उजवीकडे विचारतो, आउटपुट किती? प्लेयर डावीकडे जाऊन विचारतो, क्ष किती? ऑपोनंट म्हणतो ३. प्लेयर परत विचारतो, क्ष किती? परत ३. मग प्लेयर उजवीकडे ६ सांगतो, डाव संपला. डावीकडे भूमिका उलट्या झाल्या बघा, तिथे विचारणारा प्लेयर आहे! इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून दोघांना दोन रंगाची पेनं वापराच.

आता २ × क्ष चा डाव लिहा. क्ष एकदाच विचारला जातो. गणितात दोन्ही फंक्शन एकच, पण समजा क्ष हा काउंटर आहे, विचारला की एकने वाढणारा, तर पहिल्यात ३ आणि ४ मिळून ७ येतात आणि दुसऱ्यात ६. नुसता इनपुट-आउटपुटचा तक्ता बघून हे कधीच कळलं नसतं, संवाद लिहिला म्हणून दिसलं, आणि मला या विषयाचं सगळं सौंदर्य इथेच वाटतं.

मग नियम बदलून बघा. प्लेयरने इतिहासातला ठराविक भागच बघून चाल ठरवायची, ही इनोसन्स. शेवटच्या उघड्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायचं, हे ब्रॅकेटिंग, अगदी कंसासारखं. दोन्ही पाळले की पीसीएफ नावाची छोटी प्रोग्रामिंग भाषा मिळते. तिचं नेमकं मॉडेल, म्हणजे वागणं सारखं असेल तेव्हाच दोन प्रोग्राम एक मानणारं गणिती मॉडेल, हा प्रश्न १९७७ च्या प्लॉटकिनच्या पेपरपासून गाजत होता, तो अब्राम्स्की, जगदीशन, मालाकारिया आणि वेगळ्या वाटेने हायलंड, ओंग यांनी नव्वदच्या दशकात गेम्सनी सोडवला. इनोसन्स काढली की बदलणारे व्हेरिएबल येतात, ब्रॅकेटिंग काढलं की मधूनच उडी मारून बाहेर पडता येतं.

लॉजिकवाल्यांसाठी थोडक्यात: वाक्य खरं का यावरही असाच डाव मांडता येतो, प्लेयर ते खरं म्हणतो आणि ऑपोनंट खोटं. 'आणि' मध्ये कुठला भाग तपासायचा ते ऑपोनंट निवडतो, 'किंवा' मध्ये प्लेयर, नकार आला की भूमिकांची अदलाबदल. प्लेयरकडे जिंकायची हमखास स्ट्रॅटेजी असेल तर वाक्य खरं.

सराव म्हणून शेवटी दोन डाव लिहा: फ(क्ष ⇒ फ(य ⇒ क्ष)) आणि फ(क्ष ⇒ फ(य ⇒ य)). इथे क्ष ⇒ … म्हणजे क्ष घेऊन पुढचं देणारं फंक्शन, आणि फ हे इनपुट म्हणून मिळालेलं फंक्शन. घाई करू नका. दोन्हीकडे चालींची रांग हुबेहूब सारखी येईल, फरक एवढाच की प्लेयरचा शेवटचा प्रश्न पहिल्यात आधीच्या क्ष कडे बोट दाखवतो आणि दुसऱ्यात नंतरच्या य कडे. ते बोट बाण काढून दाखवा. पेपरमधला पॉइंटर म्हणजे हाच बाण.