ओल आवरली की थंडी सोसते: परसातल्या कोंबड्यांची हिवाळ्याआधीची तयारी

नवरात्रात अंड्यांना गिऱ्हाईक नसतं आणि मार्गशीर्ष सरला की मागाल तेवढी अंडी मिळत नाहीत. कडाक्याच्या थंडीत गावरान अंड्याला चांगला भाव येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरच्या कोंबड्या अंडी बंद करून, पिसं फुगवून उन्हाला बसलेल्या असतात. मग गोणपाट शोधा, बल्ब लावा, कुणी सांगितलेली औषधं आणा, अशी धावपळ सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. हिवाळ्यातली अंडी आणि हिवाळ्यातली मरतूक, दोन्हींचा निकाल आश्विन-कार्तिकातच लागतो.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडच्या थंडीने मोठी, धडधाकट कोंबडी सहसा मरत नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि पिसांचं पांघरूण अंगावरच असतं. निफाडसारख्या भागात पारा ५-६ अंशांवर उतरला तरी कोरड्या जागी बसलेली कोंबडी रात्र काढते. उलट ओल्या तुसावर, अंगावर वाऱ्याचा झोत घेत बसलेली कोंबडी १५ अंशांतही घुरघुरायला लागते. त्यामुळे या दोन महिन्यांतलं बहुतेक काम एकाच गोष्टीसाठी आहे: पावसाळ्यात मुरलेली ओल खुराड्यातून, धान्यातून आणि कोंबड्यांच्या अंगावरून घालवायची.

खुराडं

परतीचा पाऊस गेला आणि ऊन कडक झालं की पहिल्या तीन-चार कोरड्या दिवसांत खुराडं पूर्ण रिकामं करा. पावसाळाभर साचलेलं तूस आणि विष्ठा उकिरड्यात टाका. ताजी विष्ठा भाजीच्या बुडाशी घालू नका, रोपं करपतात. जमीन खरवडून दोन दिवस तापू द्या आणि मग भिंतींना चुन्याचा हात मारा.

चुना मारण्याआधी भेगा बुजवायला विसरू नका. कोंबड्यांचे गोचीड दिवसा भिंतीच्या फटीत आणि दांड्याच्या सांध्यात लपतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात. दिवसा कोंबडी उचलून पाहिली तर काही सापडत नाही, आणि तुरा मात्र पांढरट पडत चाललेला दिसतो. म्हणून तपासणी रात्री करा: नऊ-दहा वाजता बॅटरी घेऊन दांड्याच्या खालच्या बाजूला पाहा. फटी माती-शेणाने किंवा सिमेंटने लिंपून घ्या. पिकावर मारून उरलेलं कीटकनाशक मात्र खुराड्यात किंवा कोंबडीच्या अंगावर कधीही मारू नका. कोंबड्या दगावतात, आणि दगावल्या नाहीत तरी विष अंड्यातून घरातल्यांच्या पोटात जातं. अंगावरच्या उवा-लिखांवर कोंबडीचा स्वतःचा उपाय म्हणजे धूळस्नान. पावसाळ्यात तिला कोरडी माती मिळालेली नसते. पडवीच्या कडेला, छपराखाली, एका जुन्या घमेल्यात बारीक माती आणि चुलीची राख मिसळून ठेवा. बाकीचं ती करते.

खाली अंथरायला भाताचं तूस सगळ्यात चांगलं. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे ते सहज मिळतं. इतरत्र लाकडी भुसा चालतो. भुईमुगाची टरफलं वापरणार असाल तर ती कोरडीठाक असू द्या. थर तीन इंचांचा ठेवा आणि आठवड्यातून दोनदा खालवर करा. मूठभर तूस हातात दाबून पाहा. मूठ उघडल्यावर सुटं झालं तर ठीक, गोळा राहिला तर तेवढी जागा बदला. बहुतेक वेळा ओल पाण्याच्या भांड्याभोवती असते, म्हणून भांडं विटेवर ठेवा.

आता गोणपाट. थंडीच्या धास्तीने लोक खुराडं चारी बाजूंनी असं बांधून टाकतात की आत वाराच जात नाही. रात्रभर विष्ठेतून अमोनिया सुटतो, कोंबड्यांच्या श्वासाची वाफ छताला धरते, आणि सकाळी दार उघडलं की नाकाला झिणझिण्या येतात. थंडीतल्या सर्दीचं, घरघरीचं मोठं कारण हेच. गोणपाट खालून वर बांधा, म्हणजे कोंबड्या बसतात तिथवर आडोसा होईल, आणि छताखाली फूटभर जागा मोकळी सोडा. हिवाळ्यात वारा मुख्यतः उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो, तेव्हा उत्तरेची बाजू नीट झाका. पूर्वेचं गोणपाट ऊन वर येताच उचला. परीक्षा सोपी आहे: पहाटे दार उघडायच्या आधी कोंबडीच्या उंचीवर डोकं नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर वरची फट वाढवा.

बसायला दांडा हवाच, कारण थंड जमिनीवर बसलेली कोंबडी अंगातली ऊब जमिनीला देत राहते. दोन इंच रुंद, कडा गोल केलेली लाकडी पट्टी घेतली की पाय पिसांखाली झाकले जातात. गावरान कोंबडी उंच चढते. गिरिराज, वनराज या सुधारित जाती वजनाला जड, त्यांच्यासाठी दांडा फूट-दीड फुटावरच ठेवा, नाहीतर उतरताना पाय दुखावतात.

काळं पडलेलं धान्य कोंबड्यांना नको

या सल्ल्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही याच्याकडे होतं. ऑक्टोबरात मका निघतो, सोयाबीन निघतं, खरिपाची ज्वारी परतीच्या पावसात भिजून काळी पडते. चांगला माल बाजारात जातो आणि बुरशी धरलेली कणसं, काळे दाणे ‘कोंबड्यांना होतील’ म्हणून कोपऱ्यात पडतात. ओलसर मक्यावर आणि भुईमुगावर वाढणारी बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृत खातं. कोंबडी एका दिवसात मरत नाही. आधी अंडी कमी होतात, मग चारा कमी होतो, आणि अंगातली रोगाशी लढायची ताकद इतकी उतरते की दिलेली लसही नीट लागू होत नाही. ‘लस देऊनही कोंबड्या गेल्या’ अशी तक्रार आली की मी आधी धान्याचं पोतं दाखवायला सांगतो.

हे विष उकळून किंवा भाजून जात नाही. वरची हिरवट बुरशी धुऊन दाणा पुन्हा वाळवला तरी विष आतच राहतं. असं धान्य खतात घाला. चांगला मका साठवण्याआधी इतका वाळवा की दाताखाली कट्कन फुटेल. ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर असेल तर पोत्यात पुन्हा बुरशी धरते. पोती भिंतीपासून हातभर दूर आणि फळीवर रचा.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, पण तो उष्णतेने निकामी होतो. म्हणून कच्चं सोयाबीन टाकू नका, चांगलं भाजून भरडून द्या. सरकीची पेंड अंडी देणाऱ्या कोंबड्यांना टाळा, बलक बेरंग होतो.

थंडीत अंग गरम ठेवायला कोंबडीला जास्त ऊर्जा लागते. दिवसभर परसात फिरून वेचणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी आत घेताना ३०-४० ग्रॅम बाजरी किंवा भरडलेला मका द्या. भरल्या गळ्याने बसलेली कोंबडी रात्रभर ते धान्य पचवते आणि त्यातूनच ऊब मिळवते. पूर्ण बंदिस्त कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, लागेल तेवढा ती स्वतः खाते. पहाटेचं गार पाणी कोंबड्या पीत नाहीत, आणि पाणी कमी झालं की अंडंही कमी होतं. सकाळचं पहिलं पाणी कोमट असू द्या.

पिसं गळतात तेव्हा

पावसाळा संपताना बऱ्याच कोंबड्या पिसं टाकतात. आधी मान उघडी पडते, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट. दोन-तीन महिने हे चालतं आणि तोवर अंडी बंद असतात. रोग समजून कोंबडी विकायची घाई करू नका. उघड्या जागी नव्या पिसांचे खुंट उगवताना दिसले तर सगळं ठीक आहे. खुंट नसतील, कातडी लाल असेल, तर शेपटीखालची पिसं बाजूला करून लिखा पाहा.

पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं, म्हणून या काळात नुसत्या धान्यावर भागत नाही. किनारपट्टीला सुकटीचा चुरा, इतरत्र भाजलेलं सोयाबीन, अझोला (पाण्यावर वाढणारं शेवाळासारखं नेचं), शेतातली वाळवी, जे मिळेल ते खाद्यात वाढवा.

पिसं गळण्यावरून कोंबडी पारखताही येते. जी कोंबडी उशिरा पिसं टाकते आणि भराभर टाकते ती अंड्याची. जी सगळ्यांच्या आधी सुरू करते आणि महिनोन्‌महिने रेंगाळते, तिला हिवाळाभर पोसण्यात अर्थ नाही. दसरा-दिवाळीत कोणती कापायची किंवा विकायची ते अशा वेळी सहज ठरतं.

उजेड

अंडी कमी होण्याला थंडीपेक्षा लहान दिवस जास्त जबाबदार असतो. कोंबडीला अंड्यासाठी साधारण १४ तासांचा उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. खुराड्यात नऊ वॅटचा एलईडी दिवा पुरतो. दर आठवड्याला अर्धा तास या हिशेबाने उजेड वाढवत न्या आणि तो पहाटे वाढवा. संध्याकाळी दिवा एकदम विझला की दांड्यावर न चढलेल्या कोंबड्या अंधारात चाचपडतात.

माझं मत विचाराल तर आठ-दहा गावरान कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप करू नका. ती वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार आणि मधे खुडूक होऊन उबवायला बसणार, दिवा तिचा स्वभाव बदलत नाही. ग्रामप्रिया किंवा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) अशा जास्त अंडी देणाऱ्या जाती असतील तर दिव्याचा फायदा दिसतो. तोही रोज त्याच वेळी लागणार असेल तरच. भारनियमनात कधी लागतो, कधी नाही, असा उजेड कोंबडीला गोंधळात टाकतो. अंडी सुरू न झालेल्या तलंगांना, म्हणजे तरुण कोंबड्यांना, तर वाढीव उजेड देऊच नका. जून-जुलैत निघालेल्या तलंगा हिवाळ्यात अंड्यावर येतात आणि पहिल्या वर्षी सहसा पिसं टाकत नाहीत, तेव्हा हिवाळ्याच्या अंड्यांची खरी भिस्त त्यांच्यावर ठेवा.

जंत आणि लस, याच क्रमाने

पावसाळ्यात गांडुळं, किडे, ओली माती खाऊन पोटात जंत झालेले असतात. पशुवैद्यकाला विचारून ऑक्टोबरच्या सुरुवातीला जंताचं औषध द्या, आणि आठ-दहा दिवसांनी लस. मानमोडी (राणीखेत) हा रोग परसातल्या कोंबड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. एकदा शिरला की चार दिवसांत वस्ती रिकामी होते, आणि त्यावर औषध नाही. मोठ्या कोंबड्यांना आर-टू-बी लस टोचतात, पहिल्यांदा आठव्या आठवड्याच्या सुमारास आणि पुढे दर सहा महिन्यांनी. देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. देवी डासांमधून पसरते आणि पावसाळ्यानंतर डास मुबलक, तेव्हा तीही चुकवू नका.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर-दोनशे कोंबड्यांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुणी फोडत नाही. म्हणून वाडीतल्या पाच-दहा घरांनी एक संध्याकाळ ठरवा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवा, लस बर्फात आणा आणि कोंबड्या खुराड्यात बसल्यावर टोचून घ्या. दिवसा मागे धावण्यात निम्म्या सुटतात. आजारी आणि अंगावर पिसं नसलेल्या कोंबड्या त्या दिवशी सोडा, बऱ्या झाल्यावर टोचा.

पिलं

खुडूक कोंबडी बसवायची असेल तर कोजागिरीच्या आत बसवा. २१ दिवसांनी पिलं निघतात आणि कडाक्याच्या थंडीपर्यंत त्यांच्या अंगावर पिसं येतात. नाशिक, पुणे, मराठवाडा, विदर्भ इथे नोव्हेंबरच्या मध्यानंतर संक्रांतीपर्यंत थांबलेलं बरं. कोकणात आणि गोव्यात तेवढी थंडी नसते, तिथे बसवायला हरकत नाही. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका आणि थंडीत एका कोंबडीखाली नऊ-दहाच ठेवा, म्हणजे कडेची गारठत नाहीत.

विकत आणलेल्या एक दिवसाच्या पिलांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करा. हिवाळ्यात एका पिलामागे दोन वॅट या हिशेबाने पिवळे बल्ब लावा, एलईडीची ऊब पुरत नाही. पिलं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी पडते आहे, कडेला पळून चोच उघडून बसली तर जास्त होते आहे. रात्री वीज जाते म्हणून कोळशाची शेगडी ठेवणार असाल तर खोली बंद करू नका. धुराने पिलं मरतात, आणि राखणीला झोपलेल्या माणसालाही धोका असतो.

बाजारची कोंबडी

बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा आला. दोन्ही वेळा दिवस थंडीचेच होते. या काळात पाणवठ्यांवर बाहेरून पाखरं येतात, म्हणून दाणा-पाणी छपराखालीच ठेवा. कावळे मरून पडलेले दिसले किंवा कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका, फाडून पाहू नका. दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी थेट कळपात सोडू नका. दोन-तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला डालग्याखाली वेगळी ठेवा, तिचं भांडंही वेगळं असू द्या. आधी घरच्यांना दाणा घाला, मग तिला, आणि परतताना हातपाय धुवा.