भुईमुगाच्या टरफलांनी पाण्यातील रंग कसा उतरवावा

शेंगा फोडल्यावर उरणारी भुईमुगाची टरफले बहुधा चुलीत किंवा उकिरड्यावर जातात. त्यांचीच पूड काही रंग पाण्यातून ओढून आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवते. या क्रियेला अधिशोषण म्हणतात आणि ती शाळेच्या प्रयोगशाळेतही करून पाहता येते.

टरफलांतील माती आणि दाण्यांचे तुकडे आधी काढून टाकावेत. टरफले मिक्सरमधून फिरवून रव्याइतकी जाडसर पूड चाळून घ्यावी, कारण पिठासारखी बारीक पूड तळाशी बसायला फार वेळ घेते. यानंतरची धुण्याची पायरी कंटाळवाणी असली तरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. गरम पाण्यात पूड ढवळली की पाण्याला कोऱ्या चहासारखा तांबूस रंग येतो. तो निघून पाणी नितळ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे, नाहीतर चाचणीतला निळा रंग उतरूनही पाणी पिवळसरच राहते. धुतलेली पूड कडक उन्हात किंवा १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये पूर्ण वाळवावी.

चाचणीसाठी मिथिलीन ब्लू हा निळा रंग घ्यावा. त्याचे १०० मिलिग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातील १०० मिलिलिटर द्रावण पुन्हा एक लिटर करावे. या फिक्या द्रावणाचे प्रत्येकी २०० मिलिलिटर दोन बरण्यांत घेऊन एकीतच एक ग्रॅम पूड घालावी, आणि तिसऱ्या बरणीत साध्या पाण्यात तेवढीच पूड घालावी. तिन्ही बरण्या दोन तास अधूनमधून हलवून स्थिर ठेवाव्यात. गाळण कागद शक्यतो टाळावा, कारण कागदही निळा रंग शोषतो आणि त्याचे श्रेय विनाकारण टरफलांना मिळते. वरचे निवळलेले पाणी ड्रॉपरने काढून पांढऱ्या कागदासमोर पाहावे. वर्णमापक (द्रावणाच्या रंगाची तीव्रता मोजणारे उपकरण) असल्यास ६६४ नॅनोमीटरच्या आसपास मोजणी करावी.

मिथिलीन ब्लूच्या रेणूवर धन विद्युतभार असतो, तर साध्या पाण्यात टरफलांच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो, म्हणून दोघांचे जमते. सुती कापडासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित असतात. त्यामुळे इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावातील सांडपाण्यावर हीच पूड तशीच चालेल असे गृहीत धरू नये. अशा रंगांसाठी पाणी आम्लधर्मी करावे लागते किंवा टरफलांवर रासायनिक प्रक्रिया करावी लागते. शिवाय रंगाईच्या पाण्यातील मीठ टरफलांनी निघत नाही, म्हणून नितळ दिसणारे पाणीही पिण्यास किंवा शेतास देऊ नये.

रंग या पद्धतीने नष्ट होत नाही, तो केवळ पाण्यातून पुडीवर येतो. निळी झालेली पूड शेणखतात किंवा ओढ्याकाठी टाकल्यास पाण्याबरोबर रंग पुन्हा सुटू शकतो. ती वाळवून, पिशवीत बंद करून, वर रंगाचे नाव लिहून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्यावी.